ॲप माझं, नाव मामाचं

आज्जीला कन्नड बोललेलं सगळं कळतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात कन्नडमधून घासाघीस करून मिरचीचा भाव पाडून घेणारी बाई ती. पण कन्नडमधलं लाइट बिल हातात आलं की चष्मा पुसते, कागद लांब धरते, जवळ धरते आणि शेवटी मला हाक मारते, "ह्ये वाच बघू, काय म्हंत्यात ते." तिची चौथी झाली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो, तोवर तिची शाळा सुटलेली. त्यामुळे कान दोन भाषांचे, डोळे एकाच लिपीचे. आमच्या तालुक्यात अशी म्हातारी माणसं गल्लीगल्लीत सापडतील.

मी शिकले मराठी माध्यमात, पण कन्नड विषय होताच, त्यामुळे मला दोन्ही वाचता येतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये एसएसएलसी, म्हणजे आमच्याकडची दहावी, संपली. त्या सुट्टीत एकदा बिल वाचून दाखवताना लक्षात आलं की आज्जी मला अर्थ कधीच विचारत नाही. मी नुसतं मोठ्याने वाचते, पुढचं तिचं तिला कळतं. म्हणजे तिला भाषांतर नकोच आहे. अक्षरं तेवढी बदलून द्यायची.

हे काम किती सोपं आहे ते कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक नंबर असतो. मराठी 'क'चा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. वजाबाकी केली, ८९६. 'ख'ची केली, ८९६. 'ळ'ची केली, तीही ८९६! कन्नड अक्षराच्या नंबरातून ८९६ वजा केले की मराठी अक्षर हातात. आपल्या लिप्यांचे तक्ते 'इस्की' नावाच्या जुन्या भारतीय मानकावरून एकाच क्रमाने मांडलेत, म्हणून असं होतं, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मात्र जगात हे फक्त मलाच माहीत आहे असं वाटत होतं.

सकाळी कन्नडमध्ये लिहिलेलं 'बेळगावी' घातलं आणि बाहेर आलं 'बॆळगावि'. ती मात्रा उलटी नाही आणि शाईचा डागही नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओ पण दोन. देवनागरीच्या तक्त्यात त्या ऱ्हस्व अक्षरांना जागा ठेवलेली आहे, मराठीत कुणी वापरत नाही एवढंच. चार ओळी वाढवून ऱ्हस्व मात्रांच्या साध्या मात्रा केल्या. पहिल्या दिवसाची गाडी इथपर्यंत आली.

लॅपटॉप पुण्याच्या दादाचा जुना, चार जीबी रॅमचा. अँड्रॉइड स्टुडिओला किमान आठ लागते, म्हणून त्याच्या वाटेला गेलेच नाही. साधं वेबपेज केलं. फोटोतली अक्षरं ओळखायला दोन रस्ते होते. एक गुगलची क्लाउड सेवा, महिन्याला पहिले १००० फोटो फुकट. पण फुकटातही शिरायला आधी बिलिंगसाठी कार्ड जोडायला लागतं. माझ्याकडे कार्ड नाही, अप्पांच्या एटीएम कार्डावर हात ठेवायचीही परवानगी नाही. दुसरा रस्ता टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर. ते ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात सुरू झालेलं, २००५ ला सगळ्यांसाठी खुलं केलेलं, आणि त्याला कन्नड येतं. ते ब्राउझरातच चालतं, फोटो फोनबाहेर जात नाही. त्यानं मला वय विचारलं नाही, कार्डही नाही. गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या साइटला वय लागतं, पण १३. मी १६ ची. तिथं खरं वय असून आत जाता आलं, आणि वेबपेज ठेवायला जागाही फुकट मिळाली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी दारं वेगळी निघाली.

लाइट बिलावर पहिली चाचणी आज्जीचीच घेतली. फोटो काढला, थोडा वेळ चक्र फिरलं आणि पडद्यावर आलं: 'ग्राहकर हेसरु'. आज्जी एकेक अक्षर लावत गेली. "ग्रा-ह-क-र... हे-स-रु. हां, हेसरु! नाव की गं." खालच्या ओळीत होतं 'पावतिसबेकाद मोत्त'. तिथं ती क्षणभर अडखळली, मग कागदावर बोट आपटून म्हणाली, "भरायचे पैसे." आकडे कन्नड असते तरी वाचले असते तिनं, तेही ८९६ नेच बदलतात. आज्जीनं मग घरातले सगळे जुने कागद काढले. रेशन कार्ड, सोसायटीची नोटीस, २०१९ च्या पुरानंतर आलेली कुठली तरी यादी. दुपारभर माझा फोन तिच्याकडे होता.

आता हे गावाला द्यायचं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर कुणी उघडेना. लिंक उघडली की खातं रिकामं होतं, एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप घालायची फाइल, घेतली की फोन जातो, हे पोलिसांपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी इतकं बजावलंय की लोक बरोबरच वागत होते. भजनी मंडळाच्या काकूंनी सरळ सांगितलं, "प्ले स्टोरला हाय काय? नाव सांग, घालून घेतो. लिंक-बिंक नको बाई." वेबपेजला ॲपचं वेष्टन घालायची साधनं फुकट आहेत, ते जमलं. राहिलं प्ले स्टोअरचं खातं.

इथून माझी वयाशी गाठ पडली.

प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्याचं वय १८ पूर्ण लागतं. नियम कुठं लपवलेला नाही, पहिल्याच पानावर आहे. आयफोनचंही तेच, वर तिथं वर्षाला ९९ डॉलर. प्ले स्टोअरचे २५ डॉलर, एकदाच. मी १६ ची. पण गंमत अशी की गुगलच्या दृष्टीनं मी तेव्हा २४ वर्षांची होते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली. क्लासला शिरायला जीमेल पाहिजे, आणि जीमेलला आपल्याकडे १३ वर्षं पूर्ण पाहिजेत. आम्ही सहावी-सातवीतली पोरं, बाराच्या आसपास. गावातल्या एका सेंटरवाल्यानं रांगेतल्या सगळ्यांची खाती काढून दिली, आणि प्रत्येकाची जन्मतारीख घातली १ जानेवारी २०००. एका दुपारी अर्धा वर्ग वीस वर्षांचा झाला. कुणाला काही वाटलं नाही. शाळाही खूश, आईबापही खूश. आमचं पहिलं ऑनलाइन काम म्हणजे वय चोरणं, आणि ते आम्ही शाळेसाठी केलं.

मैत्रीण म्हणाली, "मग काय अडलंय? तुझं वय भरतंय की." भरत होतंच. फॉर्म पुढे सरकत गेला. पण पैसे भरायच्या आधी मी माहितीचं पान नीट वाचलं. सरकारी ओळखपत्राशी नाव आणि माहिती पडताळणार होते. ओळखपत्रावर जानेवारी २००८. खोटं पुढच्या पायरीला उघडं पडणार आणि कदाचित चार वर्षांचे मेल, फोटो, शाळेच्या वह्या असलेलं खातंही जाणार. मी फॉर्म बंद केला आणि त्याच रात्री खात्यातली जन्मतारीख खरी करून टाकली.

खरं सांगायचं त्याचं बक्षीस दुसऱ्या दिवशी मिळालं. काही व्हिडिओ बंद, गुगलच्या एआय स्टुडिओचं दार बंद. तिथं १८ लागतात. आजवर चुका शोधायला मी त्याची मदत घेत होते. वर्गातली बाकीची मुलं १ जानेवारी २००० वरच आहेत, त्यांचं सगळं चालू. वयाच्या या अटीनं खोटं बोलणारा अडत नाही, खरं बोलणारा अडतो. या सगळ्या प्रकरणात माझा राग कशावर असेल तर यावर. बाकी नियम का आहेत ते मला पुढं कळलं, आणि पटलंही, थोडंसं.

समजावलं मैत्रिणीच्या वडिलांनी. ते खानापूर कोर्टात वकिली करतात. ओसरीवर सुपारी कातरत म्हणाले, "पोरी, प्ले स्टोअर तुला ॲप बनवू नको म्हणत नाही. करार करू नको म्हणतंय." १८७२ चा करार कायदा, कलम ११: करार करणारा सज्ञान पाहिजे. सज्ञान कधी, तर १८७५ च्या कायद्यानं १८ ला. मग त्यांनी मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष ही जुनी केस सांगितली, आणि रंगवून सांगितली. कलकत्त्याचा धर्मोदास, तेव्हा कायद्यानं अजून अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेला. १८९५ मध्ये सावकाराकडे घर गहाण टाकून २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलं. सावकाराच्या माणसाला पोरगा लहान आहे हे माहीत होतं. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं, १९०३ ला निकाल लागला: अज्ञानाचा करार हा करारच नव्हे, मुळातच रद्द.

"म्हणजे काका, हा कायदा पोराला सावकारापासून वाचवायला?"

"होय की."

"मला कोण कर्ज देतंय? मी उलट पैसे भरायला निघालेय."

ते हसले. "उद्या तुझ्या ॲपमुळं कुणाचं नुकसान झालं तर कंपनी कुणाला धरणार? तुला धरता येत नाही. म्हणून तुझ्यामागं कोण तरी मोठं उभं पाहिजे त्यांना."

मोठं म्हणजे कोण? अप्पांना फोनवर हिरवं बटण कुठलं नि लाल कुठलं एवढं माहीत. आई शक्ती योजनेच्या फुकट बसनं बेळगावला जाऊन कापड आणते आणि घरी शिवते, तिच्या नावावर बँकेत बचत गटाचं खातं तेवढं. राहिला मामा. मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं, मशीन चालवतो. त्याला मेल पाठवता येतो, शिवाय मला नाही म्हणायचं त्याला जमत नाही.

मामाचं कार्ड चालेना. कारण साधं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवं कार्ड येतानाच ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवून येतं, मालकानं स्वतः चालू करायचं. ते चालू केलं. मग ओटीपी. मामा पहिल्या पाळीला, फोन लॉकरमध्ये, मी घरी फॉर्मसमोर. मामा जेवायच्या सुट्टीत फोन हातात घेतो तोवर ओटीपी मेलेला. तीन दिवस असंच. शेवटी रविवारी मी वडगावला त्याच्या घरीच जाऊन बसले. मामीनं पोहे केले, मामानं दोन हजारांच्या वर रक्कम बघून एकदा माझ्याकडे आणि एकदा मामीकडे बघितलं आणि भरली. अटी-शर्तींचं 'मान्य' त्यालाच दाबायला लावलं. वकीलकाकांनी बजावलं होतं, दुसऱ्याच्या नावानं तू काही दाबू नको. मामानं विचारलं, "यात काय लिवलंय?" म्हटलं, "काही झालं तर तुम्हाला धरणार." "बरं," म्हणाला आणि दाबलं.

पुढची अट: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ माणसांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील असायला हवं. नवीन वैयक्तिक खात्यांना हे लागतं. डिसेंबर २०२४ च्या आधी २० माणसं लागायची, म्हणजे माझं नशीब. हे २०२५ च्या फेब्रुवारीतलं.

बारा माणसं मिळायला अडचण नाही, भजनी मंडळातच पंधरा आहेत. अडचण अशी की त्यांचे जीमेल पत्ते पाहिजेत, आणि आपला जीमेल पत्ता कुणालाच माहीत नाही. प्ले स्टोअर उघडायचं, वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबायचं, तिथं पत्ता दिसतो, तो मी वहीत उतरवायचा. अशी घरोघर फिरले. एका काकूंच्या फोनमध्ये नातवाचं खातं, त्यात त्याचा गेम. एका आज्जींच्या फोनमध्ये दुकानदाराचं खातं. त्यानं फोन विकताना आपलंच घालून दिलेलं आणि तीन वर्षं तसंच. एकींनी पत्ता दिला नाही, "आमच्या ह्यांना विचारून सांगतो" म्हणाल्या, अजून सांगायच्या आहेत. कसेबसे बरोबर बारा झाले. जास्तीचं कुणी नाही. ही माझी चूक.

नवव्या दिवशी आकडा ११ दिसला. कुणाचं काय झालं ते तिथं कळत नाही. पुन्हा घरोघर. शेवटी मंडळाच्या काकूच निघाल्या. मी पाठवलेल्या त्याच पानावर खाली 'चाचणी सोडा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो त्यांनी दाबलेला. का, तर "खाली काय हाय ते बघत होतो." इंग्रजीतलं पान, त्यांना काय कळणार. लिपी वाचता न येणाऱ्यांसाठी ॲप बनवणारी मी, आणि माझ्याच ॲपच्या दारावर इंग्रजीत पाटी. चौदा दिवस पहिल्यापासून. या खेपेला सतरा माणसं घेतली आणि मराठीत कागदावर लिहून दिलं, कुठं दाबायचं आणि कुठं नाही.

त्या महिन्यात शिकायला मिळालं ते खरं. बसच्या पाट्या धावत्या असतात, फोटो हलतो. बिलाची शाई उडालेली असेल तर टेसरॅक्ट 'ह'ला काहीही वाचतं. आणि सरकारी कन्नड देवनागरीत आणलं तरी सरकारीच राहतं. एका नोटिशीवरचं लांबलचक वाक्य वाचून भजनी मंडळ गप्प बसलं. मग एक काकू म्हणाल्या, "अक्षर कळलं बघ, पण ह्यो माणूस काय म्हंतोय?"

मार्चमध्ये ॲप आलं. खाली बनवणाऱ्याचं नाव: मामाचं.

मला वाटलं होतं, नावाचं काय एवढं. उद्यमबागेत कुणीतरी ॲप घातलं, नाव बघितलं आणि फोरमननं मामाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, ॲप काढलंय म्हणे?" मामानं भाचीनं बनवलंय म्हणून सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. तो मशीनवर प्रोग्राम बदलतो म्हणून लोकांना उलट तेच खरं वाटलं. पगारवाढ कर म्हणाले म्हणे गमतीनं. मामा वैतागला, पण मला काही बोलला नाही, मामीनं सांगितलं.

मला खरं लागलं ते एका कॉलेजच्या प्रदर्शनात. स्टोअरचं पान दाखवलं तर परीक्षकांनी विचारलं, "हे कोण? वडील? मग तू काय केलंस?" मी गिटहब उघडलं. तिथं जून २०२४ पासूनची प्रत्येक नोंद माझ्या नावानं, वेळेसकट. रात्री ११:४०, पहाटे ५:१०. त्यातली एक नोंद होती 'ऱ्हस्व ए दुरुस्त, आज्जी खूश'. परीक्षकांनी ती वाचली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस नाही मिळालं, पण प्रश्नही परत विचारला नाही.

पैशाचं थोडक्यात. एका वाचनालयवाल्यांनी ५०० रुपये देऊ केले, ते घ्यायचे कुठं? रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढलं की १० वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतंत्र बचत खातं चालवू देऊ शकतात. छापून घेऊन गेले. काउंटरवरच्या मॅडमनी वाचलं आणि नेट बँकिंग, कार्ड द्यायचं की नाही हे बँकेनं ठरवायचं असं त्यातच लिहिलंय ते दाखवलं. लिहिलं होतं. ५०० रुपये आज्जीनं रोख घेतले आणि पदराला बांधले. अल्पवयीनाचं पॅन कार्ड निघतं तेही तेव्हा कळलं. त्यावर फोटो नसतो, सही नसते. नुसतं नाव आणि तारीख, भुतासारखं.

आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात १८ च्या आतला प्रत्येक जण 'मूल', त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागणार. माझं ॲप कुणाची माहिती घेत नाही म्हणून मी सुटले. घेतली असती तर मुलांची माहिती सांभाळायची जबाबदारी असलेली मी स्वतःच कायद्यानं मूल होते.

या जानेवारीत मला १८ पूर्ण झाली. दुसऱ्या पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा तोंडावर असताना मी माझं खातं काढलं, या खेपेला शिवणकामाच्या पैशातून. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ॲप हलवायची सोय आहे, मात्र दोन्ही खात्यांच्या नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक लागतो. मामाच्या मेलमध्ये तो सापडायला दोन रविवार गेले. सापडला तेव्हा मामा म्हणाला, "आता फोरमनला काय सांगू? विकलं म्हणून सांगतो."

गल्लीतला सातवीतला एक पोरगा हे सगळं बघत होता. त्यानं बैलगाडा शर्यतीचा गेम केलाय, बैल चौकोनी आहेत पण पळतात. "ताई, तुझ्या नावावर टाकशील काय?" म्हणाला. मी आधी विचारलं, जीमेलला जन्मसाल काय आहे? "१९९५," तो म्हणाला, "पप्पांनी घातलंय." खरं वय? १२ वर्षं ८ महिने. गिटहबलाही अजून चार महिने. त्याच्या पप्पांशी रविवारी बोलायचं ठरलंय. तोवर फाइल पेन ड्राइव्हवर घालून दिली. तिला खातं लागत नाही, कुठल्याही कॉम्प्युटरवर दोनदा टिचकी मारली की बैल पळतात. फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव मी त्यालाच टाइप करायला लावलं. त्याला 'ज्ञ' कुठं असतो ते सापडेना, ते तेवढं दाखवलं.